‘कुबट’ला डचमध्ये काय म्हणायचं? वासांचे इंग्रजी आणि डच शब्द शिकण्याची एक पद्धत

आइंडहोव्हनला आल्यानंतरच्या पहिल्याच नोव्हेंबरात आमच्या झोपायच्या खोलीत वास यायला लागला. माझं लहानपण चिपळूणचं. चार महिने पाऊस, ट्रंकेतल्या गोधड्या, भिंतीला टेकलेलं कपाट हे सगळं अंगात मुरलेलं. त्यामुळे वास ओळखायला वेळ लागला नाही. कुबट. घर भाड्याने देणाऱ्या एजन्सीला फोन केला आणि इंग्रजीत सांगितलं, ‘देअर इज अ बॅड स्मेल इन द बेडरूम.’ चार दिवसांनी एक माणूस सांडपाण्याचे पाइप मोकळे करायचं यंत्र घेऊन आला. त्याने बाथरूममधली जाळी उघडून पाहिली, सगळं ठीक आहे म्हणाला आणि गेला. कपाटामागची बुरशी आणखी तीन आठवडे वाढत राहिली, आणि धाकट्याचा खोकलाही.

इंग्रजीतला ‘मस्टी’ किंवा डचमधला ‘मुफ’, यांतला एक शब्द मला येत असता तर तो माणूस भिंत बघायला आला असता. ‘बॅड स्मेल’ म्हणजे नुसता घाण वास. तेवढंच ऐकल्यावर समोरचा आपल्या ओळखीची, नेहमीची घाण गृहीत धरतो, आणि घरात ती बहुतेक वेळा गटाराची असते.

त्या दिवसापासून मी एक वही ठेवली. डावीकडे मराठी शब्द, मध्ये इंग्रजी, उजवीकडे डच. नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या मराठी माणसाचा दिवस असाच तीन भाषांत जातो: घरी मराठी, ऑफिसात इंग्रजी, आणि शेजारी, दुकानदार, घरमालक यांच्याशी डच. त्या वहीतून हा लेख तयार झाला आहे. डच शब्द मी कानाला ऐकू येतात तसे लिहिले आहेत. त्यांतला ‘ख’ घशातून, खाकरल्यासारखा काढायचा. आइंडहोव्हनकडे, म्हणजे दक्षिणेत, तो मऊ होतो. ‘आउ’ म्हणताना ओठ थोडे गोल करायचे. लेखी रूप शब्दकोशात एकदा डोळ्यांखालून घाला, कारण डच शब्द दिसतो वेगळा आणि ऐकू येतो वेगळा.

आधी मराठी शब्द नेमका पकडा

वास आला की लगेच इंग्रजी शब्द शोधू नका. आधी मराठीत काय म्हणाल ते मनाशी ठरवा: कुबट, खवट, करपट, आंबूस, कोंदट, कुजट, उग्र, वशट, धुरकट, खमंग. आपल्याकडे हे शब्द मुबलक आहेत, आणि त्यातले बरेचसे कुठल्या एका वस्तूचं नाव घेत नाहीत. खोबरं, शेंगदाणे, तेल, तूप ही वेगवेगळी माणसं. पण बिघडली की सगळ्यांना एकच आडनाव लागतं, खवट.

प्रत्येक भाषेत असं होत नाही. मलेशियातल्या जंगलात राहणाऱ्या जहाय लोकांच्या भाषेत वासांसाठी डझनभर स्वतंत्र शब्द आहेत. पेट्रोल, धूर आणि वटवाघळाची विष्ठा यांच्या वासाला तिथे एकच शब्द आहे, आणि वाघाला ओढून आणणाऱ्या रक्ताच्या वासाला वेगळा. आसिफा माजिद आणि निक्लास बुरेनहुल्ट यांनी २०१४ साली दाखवून दिलं की जहाय माणूस वासाचं नाव रंगाच्या नावाइतकंच सहज सांगतो. इंग्रजी बोलणारा मात्र रंगाला पटकन नाव देतो आणि वासाशी अडखळतो. माजिद त्या काळात नेदरलँड्समधल्याच नायमेखन शहरात संशोधन करत होत्या. पुढे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी असाच प्रयोग डच लोकांवरही केला. डच लोकांना उत्तर द्यायला कितीतरी जास्त वेळ लागला, आणि उत्तर बहुतेक ‘अमुक वस्तूसारखा वास’ असंच असायचं.

ही गोष्ट मुद्दाम सांगितली, कारण आपली अडचण नेमकी कुठे आहे ते तिच्यातून कळतं. आपल्याकडे शब्द आहे आणि समोरच्याकडे तसा शब्द नाही, अशी वेळ बऱ्याचदा येते. अशा वेळी शब्दाला शब्द शोधत बसलं की रिकामे हात परत येतो. त्यापेक्षा त्या भाषा वासाचा शब्द कसा घडवतात, ते शिकावं.

मराठीचा ‘ट’, इंग्रजीचा ‘ई’, डचचा ‘अख’

मला हे सापडलं तेव्हा फार आनंद झाला. मराठीत वस्तूला ‘ट’ किंवा ‘कट’ जोडला की वास, चव किंवा स्पर्श तयार होतो: धूर – धुरकट, माती – मातकट, तेल – तेलकट, तूप – तुपट. इंग्रजी हेच काम शेवटी ‘ई’ लावून करते: स्मोकी, अर्दी, ऑइली, नटी, वुडी, सोपी, यीस्टी, गार्लिकी. डच ‘अख’ लावते: धुरकट म्हणजे रोकरख, फळांचा म्हणजे फ्राउतख, फुलांचा म्हणजे ब्लूमख, मसाल्याचा म्हणजे क्राउदख, ओलसर म्हणजे फोख्तख.

पण डचची खरी ताकद जोडशब्दात आहे. वस्तूचं नाव घ्यायचं आणि त्याला तीनपैकी एक शेपूट लावायचं: ख्यूर, लुख्त किंवा स्टांक. ख्यूर म्हणजे बरा किंवा हवासा वास. लुख्त म्हणजे खरं तर हवा, आकाश. पण जोडशब्दाच्या शेवटी आला की वास, आणि तो बहुधा नकोसा. स्टांक म्हणजे उघड दुर्गंधी. कॉफीचा वास कोफीख्यूर, फुलांचा ब्लूमनख्यूर. पण घामाचा झ्वेतलुख्त, तळणीचा फ्रितूरलुख्त, मासळीचा फिसलुख्त, रंगाचा फेर्फलुख्त. पहिला भाग वस्तू सांगतो, दुसरा मत सांगतो. एवढं कळलं की वहीतला उजवा रकाना तुम्ही स्वतःच भरू शकता.

इंग्रजीत मत सांगायचं काम वेगवेगळी नामं करतात. स्मेल तटस्थ आहे. सेंट आणि फ्रेग्रन्स चांगल्यासाठी: फुलं, अत्तर, साबण. अरोमा खाण्यापिण्याचा, विशेषतः कॉफीचा. ओडर औपचारिक आणि बहुधा नकोसा. तक्रारीच्या पत्रात शोभतो, स्वयंपाकघरात नाही. स्टिंक म्हणजे घाण, आणि स्टेंच म्हणजे नाकाला पदर लावायला लावणारी घाण. आपल्या परिमळ, सुवास, वास, दर्प, दुर्गंध या उतरंडीसारखीच ही उतरंड आहे.

वाक्य कसं बांधायचं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि दोष आपल्या ‘येतोय’चा आहे. ‘घाण वास येतोय’ याचं आपण ‘इट इज स्मेलिंग बॅड’ करतो. इंग्रजीत तिथे साधा वर्तमानकाळ हवा: ‘इट स्मेल्स बॅड.’ ‘ही इज स्मेलिंग द मिल्क’ म्हटलं तर तो दूध हुंगून बघतोय असा अर्थ होतो. आणि मला वास येतोय हे सांगायचं असेल तर ‘आय कॅन स्मेल’ म्हणायचं: ‘आय कॅन स्मेल स्मोक.’

‘स्मेल्स ऑफ’ आणि ‘स्मेल्स लाइक’ यांत फरक आहे. खोलीत खरंच लसूण परतला असेल तर ‘द रूम स्मेल्स ऑफ गार्लिक’. लसूण नाही, पण तसा वास येतोय, तर ‘स्मेल्स लाइक गार्लिक’. गॅसच्या बाबतीत हा फरक फार मोलाचा ठरतो.

आणखी एक जपायची गोष्ट. पुढे काहीच न जोडता ‘इट स्मेल्स’ म्हटलं तर अर्थ वाईटच होतो, आपण ‘भाजीला वास येतोय’ म्हणतो तसा. ‘यू स्मेल’ तर अपमान आहे. पाहुण्याच्या अत्तराचं कौतुक करायचं असेल तर ‘यू स्मेल नाइस’ म्हणा. शेवटचा शब्द विसरून चालणार नाही.

डच इथे सोपी आहे. ‘ऑफ’ आणि ‘लाइक’ दोन्हींसाठी ‘नार’: ‘हेत राउक्त नार कोफी’, कॉफीचा वास येतोय. घाण असेल तर ‘हेत स्टिंक्त’. छान असेल तर ‘वात राउक्त हेत हीर लेकर!’, लेकर हा शब्द चव, वास, झोप, ऊन सगळ्याला चालतो. हुंगून बघ म्हणायचं असेल तर ‘राउक हीर एन्स आन’.

राउकन या क्रियापदाचा भूतकाळ रोक असा होतो, आणि रोक म्हणजे धूरसुद्धा. त्यामुळे ‘इक रोक रोक’ हे अगदी शुद्ध डच वाक्य आहे: मला धुराचा वास आला. ‘इक रोक’ एवढंच म्हटलं तर मी सिगरेट ओढते असाही अर्थ होतो. इंग्रजीतला ‘रीक’, म्हणजे भयंकर घाण वास येणे, याच घराण्यातला. त्याचाही मूळ अर्थ धूर. एडिनबरा शहराला ‘ऑल्ड रीकी’ म्हणत ते धुरामुळेच.

घरातले वास: इथे शब्द चुकवू नका

कुबटपासून सुरुवात करू. हवा न खेळणाऱ्या, ओल धरलेल्या जागेच्या वासाला इंग्रजीत मस्टी, डचमध्ये मुफ. प्रत्यक्ष बुरशी दिसत असेल तर इंग्रजीत मोल्डी, आणि बुरशीला डचमध्ये स्खिमल. ओलीला ब्रिटिश लोक नुसतं ‘डॅम्प’ म्हणतात, डच लोक ‘फोख्त’. ओल नाही पण खिडक्या बंद ठेवल्याने कोंदट झालंय, तर स्टफी, आणि डचमध्ये बडॉम्प्त. कुबट आणि कोंदट यांची सरमिसळ करू नका. कोंदट खोली खिडकी उघडली की सुधारते, कुबट खोली दुरुस्त करावी लागते. घरमालक नेमकं हेच ऐकायला थांबलेला असतो.

फोन करताना चार गोष्टी सांगायच्या: कधीपासून, कसला वास, कुठे, आणि वास कुठे वाढतो. इंग्रजीत: ‘देअर्ज बीन अ मस्टी स्मेल इन द बेडरूम फॉर टू वीक्स. इट्स स्ट्राँगर बाय द वॉर्डरोब.’ डचमध्ये: ‘सिंट्स ट्वे वेकन राउक्त हेत मुफ इन द स्लापकामर. बय द कास्त इज हेत स्टेर्कर. एर झित स्खिमल ऑप द म्यूर.’ शेवटचं वाक्य म्हणजे भिंतीवर बुरशी आहे. हे चार वेळा मोठ्याने म्हणून बघा, मग फोन उचला.

गटाराच्या वासाला डचमध्ये फार नेटका शब्द आहे, पुतलुख्त. पुत म्हणजे खड्डा, विहीर. इंग्रजीत ड्रेन स्मेल किंवा सूएज स्मेल. दर वर्षी महिनाभर भारतात जाऊन परतणाऱ्या मराठी घरांना हा वास चांगला ओळखीचा आहे. बाथरूमच्या जमिनीतल्या जाळीखाली पाणी साठून राहील अशी वाकडी नळी असते. ते पाणी गटाराची हवा वर येऊ देत नाही. घर बंद असलं की पाणी सुकतं आणि वाट मोकळी होते. आपल्याकडचे प्लंबर तिला नहाणी ट्रॅप म्हणतात, आणि आपली नहाणी भारतभर इंग्रजीत लिहिलेल्या प्लंबिंगच्या पुस्तकांत जाऊन बसली आहे. ब्रिटिश इंग्रजीत सिंकखालच्या तशाच नळीला यू-बेंड म्हणतात. डचमध्ये स्टांकआफस्लाउतर, म्हणजे अक्षरशः दुर्गंध अडवणारा. परत आल्यावर प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता आणि तासभर थांबा. बहुतेक वेळा फोन करायची गरजच पडत नाही.

गॅसचं मात्र थांबून चालत नाही. नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो. नेदरलँड्समध्ये त्यात टेट्राहायड्रोथायोफीन नावाचा गंधकयुक्त पदार्थ मिसळतात. आपल्या सिलिंडरमध्ये इथाइल मरकॅप्टन असतो. म्हणून दोन्ही देशांतल्या गॅसचा वास हुबेहूब एक नाही, आणि नव्याने आलेल्या माणसाला इथला वास चटकन ओळखता येत नाही. इथले लोक त्याचं वर्णन ‘रॉटं अयरन’, सडक्या अंड्यांचा वास असं करतात. इंग्रजीत रॉटन एग्ज. तो पदार्थ इथे टीएचटी या आद्याक्षरांनी ओळखला जातो. हीच तीन अक्षरं डच खाद्यपदार्थांच्या पाकिटांवरही असतात. तिथे त्यांचा अर्थ ‘अमुक तारखेपर्यंत उत्तम’ असा आहे.

गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावू नका, चालू असेल तर चालूच राहू द्या. काडी नाही, बेल नाही. खिडक्या उघडा, जमलं तर मीटरजवळचा मुख्य नळ, म्हणजे होफ्तक्रान, बंद करा. शेजाऱ्यांना बेल न वाजवता दार ठोठावून सांगा, घराबाहेर पडा, आणि बाहेरूनच ०८००-९००९ या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करा. तो चोवीस तास चालू असतो. वाक्य छोटं ठेवा: ‘इक राउक खास.’ इंग्रजीत ‘आय कॅन स्मेल गॅस.’ जीवावरचा प्रसंग असेल तर ११२. वास कमी झाल्यासारखा वाटला म्हणून परत आत जाऊ नका. तोच वास काही मिनिटं घेतला की नाक बधिर होतं. १ जुलै २०१८पासून नव्या घरांना सहसा गॅसची जोडणीच दिली जात नाही, पण जुन्या घरांत ती अजून भरपूर आहे.

जळक्या वासाचेही प्रकार आहेत. काहीतरी पेटल्याचा वास ब्रांटलुख्त. कापड, केस, वायरचं आवरण होरपळल्याचा वास स्ख्रूयलुख्त, इंग्रजीत सिंज्ड. घशाला झोंबणारा, प्लॅस्टिक जळल्यासारखा असेल तर ॲक्रिड. प्लग तापला की कधी कधी मासळीसारखा वास येतो. शाकाहारी घरात विनाकारण फिशी वास आला तर आधी प्लग बघा. १ जुलै २०२२पासून इथे प्रत्येक घरात मजल्यागणिक धुराचा गजर, रोकमेल्डर, सक्तीचा आहे. पण तो धुराला वाजतो. वायर नुसती होरपळत असताना बहुतेकदा नाकच आधी सांगतं.

स्वयंपाकघर

इथे मराठी शब्दांना चांगल्या जोड्या सापडतात. खवट म्हणजे रॅन्सिड, डचमध्ये रान्झख. तिन्ही शब्द एकाच मापाचे. आंबूससाठी इंग्रजीत धड एक शब्द नाही, इडलीच्या पिठाला साउर आणि यीस्टी मिळून म्हणावं लागतं. डचमध्ये मात्र झ्यूरख आहे. झ्यूर म्हणजे आंबट आणि झ्यूरख म्हणजे आंबूस, अगदी आपल्यासारखं. करपलेल्यासाठी डच दोन शब्द वापरते: पातेल्याच्या बुडाला लागलं तर आनखब्रांत, पार जळलं तर फरब्रांत. इंग्रजीत दोन्हींना बर्न्ट चालतं. खाली लागलेल्या दुधाला ब्रिटिश ‘द मिल्क हॅज कॉट’ असं म्हणतात.

दूध नासलं तर ‘द मिल्क हॅज गॉन ऑफ’, डचमध्ये ‘द मेल्क इज झ्यूर’. मांस, शिजवलेलं अन्न बिघडलं तर बडॉर्व्हन. दुकानात परत करताना हा शब्द वापरा, कारण नुसतं ‘स्टिंक्त’ म्हटलं तर आपण चिडलोय एवढंच पोहोचतं.

खमंगला मात्र दोन्ही भाषांत जोडीदार नाही. मी वर्षभर शोधत होते. शेवटी तो शब्द सोडला आणि वस्तू धरली. बेसन भाजताना येणाऱ्या वासाला टोस्टी, नटी. डचमध्ये ‘लेकर, नार खरोस्टर्दं नोतन’, भाजलेल्या सुक्या मेव्यासारखा. फोडणीच्या खमंगला हे चालत नाही, तिथे तेल, मोहरी, कढीपत्ता यांची नावंच घ्यावी लागतात. मिरचीच्या खकाण्याला इंग्रजीत पंजंट म्हणून भागत नाही, कारण पंजंट नाकाचा शब्द आहे आणि खकाणा घसा धरतो. ‘द फ्यूम्स कॅच इन युअर थ्रोट’ असं सांगावं. डचमध्ये ‘हेत प्रिक्त इन यं केल’, घशात टोचतंय.

हिंगाबद्दल शेजारीपाजारी हमखास विचारतात. त्याचं डच नाव डाउवल्सड्रेक, सैतानाची विष्ठा. इंग्रजीतही हेच नाव आहे. नाव ऐकूनच माणूस मागे सरकतो, म्हणून मी दोन वाक्यांत सांगते: कच्च्या हिंगाला गंधकाचा उग्र वास, इंग्रजीत सल्फरस, तेलात पडला की कांदा-लसूण परतल्यासारखा. मग नाव सांगते. हा क्रम महत्त्वाचा आहे. कोणी आपल्या घराला ‘करीचा वास’ येतो म्हणालं तर मला ते लागतं. त्या एका शब्दाखाली धने, गरम मसाला, सुकं खोबरं, कढीपत्ता सगळं गाडलं जातं. पण उत्तर म्हणून आपणच ते सुटं करून सांगावं: आज धने भाजले, तो सिट्रसी वास त्यांचा, काल लवंग होती, तो वास वुडी आणि स्वीट.

शेजाऱ्यांच्या तक्रारीतला नेहमीचा शब्द कोकलुख्त्यस, स्वयंपाकाचे वास. त्याला शेवटी लाडिक प्रत्यय आहे, म्हणून तक्रार सौम्यच समजा. आपण ज्याला चिमणी म्हणतो ती इथे आफझाउखकाप. बऱ्याच इमारतींत हवा बाहेर नेणारी नळी सगळ्या घरांची सामाईक असते आणि तिला मोटरवाली चिमणी जोडायला सहसा मनाई असते. मग चिमणी कोळशाच्या जाळीतून हवा गाळून परत घरातच सोडते. ती जाळी, कोलस्टॉफफिल्टर, वेळेवर बदलली नाही तर फोडणीचा वास पडद्यांत मुरतो.

डॉक्टरकडे

वास येणंच बंद झालं असेल तर ‘आय हॅव्ह लॉस्ट माय सेन्स ऑफ स्मेल’, डचमध्ये ‘इक राउक निक्स मेर’. वास येतो पण भलताच येतो, कॉफीला जळक्याचा, कांद्याला कुजक्याचा, तर ‘आलस राउक्त आंदर्स’, सगळ्याचा वास वेगळाच लागतो. डॉक्टर त्याला पॅरोस्मिया म्हणतील. घरात मधुमेहाचा रुग्ण असेल आणि त्याच्या श्वासाला पिकल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश काढायच्या द्रावणासारखा वास येत असेल, सोबत उलट्या किंवा जोराचा श्वास असेल, तर ताबडतोब फोन करा आणि ‘आसेतॉन’ हा शब्द उच्चारा. तो एक शब्द डॉक्टरला पुरतो.

दाराबाहेर

पहिल्या पावसाच्या मृद्गंधाला इंग्रजीत पेट्रिकोर म्हणतात. हा शब्द १९६४ साली इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी घडवला. त्या वासात मातीतल्या सूक्ष्म जीवांनी तयार केलेला जिओस्मिन हा पदार्थ असतो. डचमध्येही तो शब्द चालतो, पण इथे पाऊस बारमाही असल्यामुळे जमीन तापून पहिली सर येण्याचा प्रसंग क्वचितच येतो, आणि माणसं तो शब्द फारसा वापरत नाहीत. जूनमध्ये आईने फोनवर ‘पाऊस आला गं’ म्हटलं की मला आधी तो वास आठवतो.

वसंतात लिसच्या क्यूकेनहॉफ बागेत गेलात तर लक्षात येईल की ट्युलिपला वास जवळजवळ नसतो. नाकात शिरतो तो हायसिंथचा. तिथे फ्लोरल, स्वीट हे शब्द वापरून बघा, आणि दहा मिनिटांनी तोच वास डोक्यात चढला की क्लोइंग, म्हणजे गोड असूनही जीव नकोसा करणारा. डचमध्ये तेव्हा झ्वार म्हणतात, जड. त्याच ऋतूत शेतात खत पडतं आणि गावाबाहेर मेस्तलुख्त पसरतो, शेणखताचा वास. झान नदीच्या काठच्या गावांत कोकोचे कारखाने आहेत, तिथे वारा फिरला की अख्ख्या गल्लीत काकाओख्यूर दरवळतो. दरवळण्याला इंग्रजीत वॉफ्ट. भपका अंगावर आला तर डचमध्ये वाल्म, आणि अगदी पुसटशी झुळूक असेल तर इंग्रजीत व्हिफ, डचमध्ये फ्ल्यूख्य.

वासाच्या म्हणी

थोड्या माहीत असाव्यात, नाहीतर बोलणं डोक्यावरून जातं. ‘एर झित एन लुख्त्य आन’, त्याला एक वास आहे, म्हणजे इथे पाणी मुरतंय; इंग्रज तिथे फिशी म्हणतात. ‘इन ख्यूरन एन क्ल्यूरन’, वासा-रंगांसकट सांगणे, म्हणजे बारीकसारीक तपशिलांनिशी रंगवून सांगणे. ‘दात कान इक तॉख नीत राउकन’, ते मला वासावरून कसं कळणार, म्हणजे मला कोणी सांगितलं होतं का? आणि ‘अयखनलॉफ स्टिंक्त’, आत्मस्तुतीला दुर्गंध येतो.

सराव: मसाल्याचा डबा

यादी पाठ करून हे शब्द टिकत नाहीत, नाकाशी बांधले की टिकतात. आम्ही घरी रविवारी हे करतो. एकाने डोळे मिटायचे, दुसऱ्याने मसाल्याच्या डब्यातली एक वाटी नाकाशी धरायची. पहिला शब्द मराठी. मग इंग्रजीत एक वाक्य, ज्यात वस्तूचं नाव घ्यायचं नाही: किती तीव्र, चांगला की नकोसा, कशासारखा. मग तेच डचमध्ये, ‘हेत राउक्त नार’ने सुरू करून. एका बैठकीत पाचच वाट्या घ्या, त्यापुढे नाक दमतं. मध्ये दोन मिनिटं खिडकीत उभं राहा. पुढच्या रविवारी त्याच पाच घ्या आणि वेगळे शब्द सुचतात का ते पाहा. मग फ्रिज, मग धुण्याची टोपली, मग शाळेचं दप्तर. धाकट्याने एकदा ओल्या रेनकोटचं दप्तर उघडलं आणि ‘मुफ’ म्हणाला, तेव्हा तो शब्द त्याचा झाला.

मागच्या महिन्यात शेजारच्या आजींना खेळायला बसवलं. मोहरी त्यांना ओळखता आली नाही, जिऱ्याला त्या बराच वेळ हुंगत राहिल्या. मग ओवा धरला. त्या लगेच म्हणाल्या, ‘तयम!’ तयम म्हणजे थाइम, युरोपातली पाककृतीतली वनस्पती. मी आधी नाही म्हणणार होते. पण ओव्यात आणि थाइममध्ये थायमॉल हा एकच पदार्थ असतो, आणि वास त्याचाच. मी वहीत ओव्यापुढे त्यांचा शब्द लिहून टाकला.